भिंतीवरची बाई आणि तिचे नाव
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले व्याख्यान)



वर्धापनदिनाच्या व्याख्यानाला आजवर आरोग्य, बालसंगोपन, स्त्रियांचे कायदे असे उपयोगाचे विषय झाले आहेत. या वेळी चिटणीसबाईंनी मला चित्रकलेवर बोलण्यास सांगितले. ही बातमी फुटताच दोघी-तिघींनी मला बाजारात गाठून विचारले, "म्हणजे रांगोळी शिकवणार का?" रांगोळी मला आपणां सर्वांच्या निम्म्यानेही येत नाही. मी शाळेत चित्रकला शिकवली आणि त्या जोडीने फोटोंना रंग देण्याचे काम केले. तेव्हा त्यातलेच जे मला ठाऊक आहे ते सांगते. विषय आहे माणसाच्या चेहऱ्याचे चित्र. राजाचे किंवा देवाचे नव्हे, तर तुमच्या-माझ्यासारख्या पोळपाट-लाटण्याच्या घरातल्या माणसाचे.

यमाईच्या दर्शनाला आपण औंधला जातो. डोंगरावर देवीचे मूळपीठ आहे आणि तिथेच श्रीभवानी संग्रहालय आहे. दर्शन झाले की बऱ्याच जणी सावलीला बसून डबे सोडतात आणि थोड्या आत जातात. ज्या आत जात नाहीत त्यांना माझी विनंती आहे की, पुढच्या खेपेला डबे थोडे उशिरा सोडा. औंधचे राजे भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी, ज्यांना सगळे बाळासाहेब म्हणत, ते स्वतः चित्रकार होते. सूर्यनमस्कारांचा त्यांनी केलेला प्रसार आपल्याला माहीत असतो. पण त्यांनी स्वतःच्या हाताने रामायणाची चित्रे काढली हे कमी जणींना माहीत असते. १९०९ साली ते गादीवर आले, १९३८ साली त्यांनी हे संग्रहालय उघडले आणि १९५१ साली ते वारले. एवढ्याशा संस्थानाच्या राजाने हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराची दगडातली आई आणि मूल आणून आपल्या खटाव तालुक्यातल्या डोंगरावर ठेवावी, याचे मला अजून नवल वाटते.

तिथे राजा रविवर्म्याची चित्रे आहेत. त्यांपैकी एक 'सैरंध्री' आणि एक 'मलबारी सौंदर्य'. आता गंमत पाहा. सैरंध्री म्हणजे विराटाच्या घरी वेषांतर करून राहिलेली द्रौपदी. म्हणजे चित्रातल्या बाईचे ते खरे नावच नव्हे. राणीची वेणीफणी करणाऱ्या दासीला म्हणतात ते नाव. आणि 'मलबारी सौंदर्य' हे तर कुणाचेच नाव नव्हे. पण ही चित्रे काढताना चित्रकाराच्या पुढे कुणीतरी जिवंत बाई तासन् तास बसली असणार. तिचा हात अवघडला असेल, तिला घरचे दूध उतू जाईल याची काळजी लागली असेल. रविवर्म्यापुढे बसणाऱ्यांत पुढे मोठ्या गायिका झालेल्या अंजनीबाई मालपेकर होत्या, असे सांगतात. त्यांचे गाणे एवढे मोठे की १९५८ साली त्यांना संगीत नाटक अकादमीची फेलोशिप मिळाली. म्हणून तरी त्यांचे नाव आपल्यापर्यंत आले. बाकीच्या लक्ष्मी झाल्या, सरस्वती झाल्या, दमयंती झाल्या. छापखान्यातून त्यांचे चेहरे घरोघरच्या देवघरात गेले, आपण त्यांना हळदकुंकू वाहिले, आणि त्या कोण होत्या हे कुणी विचारले नाही.

व्यक्तिचित्र म्हणजे अमुक एका माणसाचे, त्याच्यासारखेच दिसणारे चित्र. पूर्वी हा थाट राजेरजवाड्यांचा. पेशवाईत जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार पुण्यास आला, त्याने सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांचे चित्र रंगविले. इंग्रज वकील मॅलेट याच्या खटपटीने शनिवारवाड्यात चित्रकलेची शाळा निघाली आणि तिथे गंगाराम तांबट नावाचा आपला माणूस असा तयार झाला की त्याची चित्रे आज अमेरिकेत येल विद्यापीठात जपून ठेवलेली आहेत. परंतु त्या काळात पुण्यातल्या एखाद्या कारकुनाच्या बायकोचे चित्र काढावे, हे कुणाच्या स्वप्नातही आले नसते.

ते ज्या देशात आधी घडले त्याकडे जरा जाऊन येऊ. तो देश म्हणजे अमेरिका. तिथे तेव्हा राजा नव्हता, दरबार नव्हता. इंग्लंडचा राजा समुद्रापलीकडे. मग चित्रकाराने पोट कुणावर भरायचे? व्यापाऱ्यांवर, सोनारांवर, धर्मोपदेशकांवर, खाऊनपिऊन सुखी अशा शेतकऱ्यांवर. म्हणून तिथल्या जुन्या चित्रांत आपल्याला आपल्यासारखी माणसे भेटतात.

त्यांतले एक चित्र मला फार आवडते. बोस्टन शहरातल्या एका व्यापाऱ्याची पत्नी एलिझाबेथ फ्रीक हिचे ते आहे. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाचे जे साल, म्हणजे १६७४, त्याच साली ते पुरे झाले. बाई खुर्चीवर बसली आहे, गळ्यात मोत्यांचे सर आहेत, आणि मांडीवर तिची लहानगी मेरी ताठ उभी आहे. चित्रावर मेरीचे वय लिहिले आहे: सहा महिने. चित्रकार कोण ते कळत नाही. म्हणजे इथे उलटे झाले आहे, बसणारीचे नाव राहिले आणि काढणाऱ्याचे गेले. पुढे आपल्या काळात त्या चित्राचा क्ष-किरणांनी फोटो घेतला, तेव्हा खालचा थर दिसला. चित्र आधी, १६७१ च्या सुमारास, एकट्या बाईचे काढलेले होते; हात मांडीवर होते. तीन वर्षांनी मेरी झाली, तेव्हा चित्रकाराला पुन्हा बोलावून तेच चित्र दुरुस्त करून घेतले. पोशाख बदलला, हात वर घेतले आणि त्या हातांत मूल दिले. नवे चित्र काढण्याचा खर्च वाचवला असेल किंवा नसेल. मला त्यात आपली गृहिणीच दिसते. जुन्या पातळाचे परकर करावेत तसे तिने जुन्या चित्राचे नवे करून घेतले. हे चित्र आज मॅसॅच्युसेट्स प्रांतात वुस्टर गावच्या संग्रहालयात आहे.

पुढे शंभर वर्षांनी त्याच बोस्टनमध्ये जॉन सिंगल्टन कॉप्ली हा मोठा चित्रकार झाला. पॉल रिव्हिअर नावाच्या सोनाराचे त्याने १७६८ साली चित्र काढले, तर त्यास कोट न घालता सदऱ्यावरच बसविले. हातात चांदीची किटली, पुढ्यात हत्यारे. दुसऱ्या एका चित्रात एक भारदस्त बाई पॉलिश केलेल्या मेजाजवळ बसली आहे आणि फळांच्या तबकाकडे तिने हात नेला आहे. घरच्या बाईने "घ्या की एखादे" म्हणावे तसा तो हात आहे. हे १७७१ सालचे चित्र. तिचा नवरा दस्तांच्या नोंदी ठेवणारा अधिकारी, आपल्याकडे सब-रजिस्ट्रार असतो तसा. चित्राचे नाव काय? 'मिसेस इझिकिअल गोल्डथ्वेट'. इझिकिअल हे नवऱ्याचे नाव! तिचे स्वतःचे नाव एलिझाबेथ, माहेरचे आडनाव लुईस. आपल्या लग्नपत्रिकांत 'सौ. व श्री. अमुक तमुक' असे असते, त्यातलाच हा प्रकार. तेव्हा बाईचे नाव झाकणे हा काही आपलाच शोध नव्हे.

कॉप्लीची एक तक्रार मला मोठी मौजेची वाटते. त्याने पत्रात लिहून ठेवले आहे की इथली माणसे चित्रकलेला सुतारकाम, शिंपीकाम, जोडे शिवणे यांसारखाच एक धंदा समजतात. त्यास ते फार लागले होते. मी म्हणते, समजेनात का! कोल्हापुरात बाबूराव मेस्त्री आणि त्यांच्या नात्यातले आनंदराव यांना लोकांनी 'पेंटर' हेच आडनाव देऊन टाकले आणि त्यांनी ते मिरविले. नाटकाचे पडदे रंगवावेत, चित्रे काढावीत, पुढे सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवावा, सगळे एकाच हाताने. हस्तकौशल्याची लाज वाटण्याचे कारण नाही.

कॉप्लीच्या चित्रांविषयी आणखी एक गोष्ट सांगते, ती पुढे कामाची आहे. बोस्टनच्या काही स्त्रियांचे त्याने रंगविलेले झगे त्यांच्या कपाटातले नव्हतेच. इंग्लंडहून सरदारांच्या बायकांची छापील चित्रे येत, त्यांतला पोशाख आणि मोती तो जसेच्या तसे उचली आणि वर बसलेल्या बाईचे तोंड घाली. चेहरा खरा, दागिना कागदावरचा.

शहरांबाहेर तर फिरते चित्रकार असत. कल्हईवाला यावा तसा हा गावात यायचा, कुणाच्या तरी घरी उतरायचा आणि चार-सहा घरांची चित्रे करून पुढच्या गावाला जायचा. विल्यम प्रायर नावाच्या चित्रकाराने तर जाहिरात दिली होती की ज्यांना छाया-प्रकाश न दाखवता सपाट चित्र चालेल, त्यांना ते पाव किमतीत मिळेल. किती प्रामाणिक माणूस! हे लोक हिवाळ्यात घरी बसून बिनमुंडक्यांची धडे रंगवून ठेवीत आणि उन्हाळ्यात नुसती डोकी घालीत फिरत, अशी एक गोष्ट फार सांगतात. तिला पुरावा मात्र मिळालेला नाही. तसेच कुणाचे मूल दगावले की घाईघाईने चित्रकाराला बोलावीत आणि तो त्या मुलाचे, जणू खेळत आहे असे, चित्र काढून देई. त्या चित्रांतली फुले आणि खेळणी पाहवत नाहीत.

या फिरत्या मंडळीत रूथ हेन्शॉ बॅस्कम नावाची एक बाई होती, आणि तिच्याविषयी बोलल्यावाचून मी पुढे जाणार नाही. १७७२ ते १८४८ हा तिचा काळ. धर्मोपदेशकाची बायको, सूत कातणे, विणणे, टोप्या शिवणे, आलागेला, आजाऱ्याची शुश्रूषा, सगळे तिच्याकडे. चित्रकलेचे रीतसर शिक्षण नव्हते. ती काय करी, माणसाला दिव्यापुढे बसवून त्याची सावली कागदावर पाडी, बाजूने दिसणाऱ्या तोंडाची रेघ आखून घेई आणि मग खडूने रंग भरी. चष्मा किंवा गळ्यातले मणी दाखवायचे तर कधी चकचकीत कागदाचे तुकडे चिकटवी. शेजारपाजारच्यांची अशी शेकडो चित्रे तिने केली, पुष्कळदा पैसे न घेता. आणि सतराव्या वर्षापासून म्हातारपणापर्यंत, पन्नासाहून अधिक वर्षे, ती रोजनिशी लिहीत होती. आज कोण आले, काय विणले, कुणाचे चित्र केले. या वह्या राहिल्या म्हणून तिने काढलेले चेहरे कुणाचे ते कळते. चित्रापेक्षा वही मोलाची ठरली, असे म्हणावयास हरकत नाही.

१८३९ साली पॅरिसमध्ये फोटोग्राफीचा शोध जाहीर झाला आणि दहा-वीस वर्षांत या फिरत्या चित्रकारांचा धंदा बसला.

आता आपल्याकडे. मुंबईला सर जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून १८५७ साली कलाशाळा निघाली. समोर माणूस बसवून हुबेहूब चित्र काढण्याचे शिक्षण तिथे मिळू लागले. त्याच सुमारास इंग्रजी शिकलेला वकील, डॉक्टर, हेडमास्तर, मामलेदार असा वर्ग तयार झाला. त्याला आपली छबी भिंतीवर असावीशी वाटू लागली, किंवा त्याच्या माघारी त्याच्या शिष्यांना आणि अशिलांना तसे वाटू लागले. वर्गणी काढायची, तैलचित्र करवून घ्यायचे, अनावरणाला पाहुणा बोलवायचा. आपल्या जिल्ह्यातले कुठलेही जुने वाचनालय घ्या, शाळा घ्या, नगरपालिका घ्या. पगडी, मग पागोटे, मग काळी टोपी, मग बोडके, असा पुरुषांच्या डोक्याचा इतिहास तिथल्या भिंतींवर क्रमाने लागलेला असतो. बायका? बोटांवर मोजा. ज्या असतात त्या बहुधा देणगीदाराच्या मातोश्री किंवा धर्मपत्नी.

आपल्या औंधलाच पुढे पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर येऊन राहिले. वेदांचे एवढे मोठे पंडित, पण मूळचे चित्रकार. हैदराबादेत आणि लाहोरात व्यक्तिचित्रे आणि फोटो यांवर त्यांनी प्रपंच चालविला. त्यांचे चिरंजीव माधवराव सातवळेकर हेही नामांकित चित्रकार झाले.

तुम्ही म्हणाल, मग आपल्या बायकांची चित्रे झालीच नाहीत का? झाली. पण कशी झाली ते पाहण्यासारखे आहे. चांगल्या घरची स्त्री परक्या पुरुषासमोर दिवसचे दिवस बसणे त्या काळी शक्यच नव्हते. चित्रकाराला तर स्त्रीचा चेहरा रंगवायचा असे. मग तो कुणाला बसवणार? घरच्याच बाईला. आपल्या चित्रकारांची स्त्रियांची किती तरी उत्तम चित्रे त्यांच्या बायकांची आणि मुलींची आहेत, त्याचे कारण हे.

गोव्याचे आंतोनियो शावियर त्रिंदाद मुंबईच्या कलाशाळेत शिकले आणि तिथेच शिक्षक झाले. पत्नी फ्लोरेंतिना हिला बसवून त्यांनी एक चित्र रंगविले आणि १९२० साली बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक त्यास मिळाले. चित्राचे नाव इटालियन आहे, 'दोल्चे फार निएन्ते'. अर्थ असा की, काहीही न करता बसण्यातला गोडवा! आता चित्रकाराच्या बायकोला हलू नको म्हणून तासन् तास बसविले, तर ते काहीही न करणे झाले का? माझ्या मते घरकामात आणखी एका कामाची भर पडली. त्यांची मुलगी आंजेला मात्र स्वतः कुंचला घेऊन चित्रकार झाली. कोल्हापुरात जन्मलेले रावबहादूर धुरंधर यांची कन्या अंबिका, तीही तशीच.

धुरंधरांचा हात स्त्रियांच्या चित्रांत फार सुंदर चाले. १९२० साली रॉथफेल्ड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने हिंदुस्थानातील स्त्रियांवर ग्रंथ लिहिला, त्यात धुरंधरांची अठ्ठेचाळीस रंगीत चित्रे आहेत. जातीजातीची लुगडी, अंबाडे, दागिने, चालण्याची ढब, एकेक पाहत राहावे. पण खाली नावे असतात ती जातीची आणि प्रांताची. फुलपाखरांच्या पेटीत खाली चिठ्ठ्या लावतात ना, तसे मला ते पुस्तक चाळताना वाटते. कौतुक करावे आणि मन थोडे खट्टूही व्हावे.

आणि आता ते चित्र, जे आपण साऱ्यांनी कॅलेंडरवर पाहिले आहे. काळोखात एक तरुणी हातात समई घेऊन उभी आहे, दुसऱ्या हाताने तिने ज्योत झाकली आहे आणि बोटांतून उजेड झिरपून चेहऱ्यावर पडला आहे. म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात ते आहे. पुष्कळ लोक ते रविवर्म्याचेच समजतात. ते रविवर्म्याचे नव्हे. सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचे आहे, आणि तेलरंगातले नसून जलरंगातले आहे. जलरंगात चुकलेले पुसता येत नाही, पांढरा रंग वरून देता येत नाही, कागद कोरा सोडूनच उजेड दाखवायचा असतो. ज्योतीचा उजेड बोटांच्या मांसातून लाल दिसतो, तो त्यात कसा साधला असेल, हे मला चित्रकला शिकवून शिकवूनही उमगलेले नाही. ती तरुणी म्हणजे हळदणकरांची मुलगी गीता. दिवाळीचे दिवस होते, ती दिवा घेऊन आली आणि वडिलांना चित्र सुचले, असे सांगतात. या गीताताई लग्नानंतर उपळेकर झाल्या आणि आपल्या शेजारी कोल्हापुरात राहिल्या. शंभरी ओलांडून २०१८ साली त्या वारल्या, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यांचे नाव छापले, आणि दिवा धरणारी ती कोण हे पुष्कळांना त्या दिवशी प्रथम कळले.

फोटोचा जमाना आल्यावर काय झाले, ते माझ्या हाताखालून गेले आहे. १९७० नंतरची काही वर्षे मी एका स्टुडिओसाठी ब्रोमाइड रंगवीत असे. काळ्या-पांढऱ्या मोठ्या फोटोवर पातळ तेलरंग द्यायचा. काडीला कापूस गुंडाळून गाल, हात, पातळ यांवर तो फिरवायचा आणि जरीचे काठ तेवढे बारीक कुंचल्याने उठवायचे. गिऱ्हाइके येत ती बहुधा कुणी गेल्यावर. पुरुष गेला तर फोटो असे, पासपोर्टचा, नोकरीतला, सोसायटीच्या सभासदाचा. बाई गेली तर शोधाशोध. मग लग्नातला ग्रूप फोटो निघायचा. तिसऱ्या ओळीत, अर्धा पदर तोंडावर, अंगठ्याच्या नखाएवढे तोंड. ते मोठे केले की नुसते ठिपके दिसत. डोळे, नाक, ओठ आम्ही द्यायचे. मुलगा म्हणायचा, आईचे नाक जरा बसके होते; मुलगी म्हणायची, मुळीच नव्हते. त्या दोघांच्या भांडणात आई तयार व्हायची.

दुष्काळानंतरची एक गोष्ट आहे. एक बाई आपल्या आईचा फोटो घेऊन आली. म्हणाली, नाकात नथ काढा. मी म्हटले, फोटोत नथ नाही. ती म्हणाली, "बहात्तरच्या दुष्काळात गहाण पडली ती सुटलीच नाही. तुम्ही तरी सोडवा." मी सात मोत्यांची नथ काढली. कॉप्लीने बोस्टनच्या बायकांच्या गळ्यात घातलेल्या मोत्यांविषयी पुढे मी वाचले, तेव्हा विद्वान लोक त्याला नक्कल म्हणतात हे कळले. असेल. पण खटाव-माणच्या भिंतींवरच्या कितीतरी नथी अशाच रंगाने सोडवून आणलेल्या आहेत, आणि त्या खोट्या आहेत असे मला कुणी म्हटलेले चालणार नाही.

ऑर्डरच्या चिठ्ठीवर लिहिलेले असे, 'अमक्या गुरुजींची आई', 'तमक्या दुकानदारांचे घरातून'. मी नाव विचारी. बहुतेक वेळा मुलगा सांगे, क्वचित त्यास आठवावे लागे, आणि माहेरचे नाव तर मावशी किंवा मामा जवळ असले तरच. तुम्हांला ठाऊकच आहे, आपल्यात लग्नाच्या ताटात तांदळावर अंगठीने नवे नाव लिहिले की जुने नाव माहेरच्या उंबऱ्याआतच राहते. मी फ्रेम बंद होण्याआधी मागच्या बाजूस दोन्ही नावे आणि गाव लिहीत असे. स्टुडिओच्या मालकांना ते वेळकाढूपणाचे वाटे, पण त्यांनी कधी अडविले नाही.

नावे लिहिली की काय होते ते सांगते. डॉक्टर आनंदीबाई जोशी अमेरिकेत फिलाडेल्फियाला शिकत असताना, १० ऑक्टोबर १८८५ रोजी, तिथे एक फोटो निघाला. तीन देशांच्या तिघी विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या वेषात बसल्या आहेत. आनंदीबाई आपल्या लुगड्यात, शेजारी जपानची केई ओकामी किमोनोत, आणि तिसरी सीरियाची सबात इस्लांबुली. फोटोच्या खाली तिघींची नावे आणि देश लिहिलेले आहेत. तेवढ्या एका ओळीवरून पुढच्या पिढ्यांनी तिघींचाही माग काढला. ती ओळ नसती, तर 'परदेशी पोशाखातील तीन स्त्रिया' म्हणून तो फोटो एखाद्या पेटीत पडून राहिला असता.

म्हणून आता मंडळाचे काम सांगते, त्यासाठीच मी एवढे बोलले. आज आपल्या हातात पडणाऱ्या स्मरणिकेच्या पहिल्या पानावर आपल्या मंडळाच्या पहिल्या वर्षीचा ग्रूप फोटो छापला आहे. त्यात चौदा जणी आहेत. चिटणीसबाई आणि मी महिनाभर घरोघर हिंडलो आणि नऊ नावे मिळविली. ती फोटोखाली दिली आहेत, आधी त्यांचे स्वतःचे नाव, मग सासरचे आणि माहेरचे आडनाव. खुर्च्यांवरच्या सगळ्या ओळखल्या गेल्या. पाच राहिल्या आहेत, त्या सगळ्या मागे उभ्या असलेल्यांत आहेत. पहिल्या इतिवृत्तात त्यांच्या सह्या असतील, पण काही जणींचे अंगठे आहेत आणि अंगठ्यावरून चेहरा जुळविता येत नाही.

घरी जुने फोटो असतील त्यांच्यामागे आजच नावे लिहा. साध्या मऊ शिसपेन्सिलीने, फोटो पालथा सपाट ठेवून, कडेला हलक्या हाताने लिहा. बॉलपेन वापरू नका, ते दाबले की चेहऱ्यावर वळ उठतो आणि शाई पाझरते. गुळगुळीत रंगीत फोटोच्या पाठीवर पेन्सिल उठत नाही, तर तो पाकिटात घालून पाकिटावर लिहा. मोबाईलमधले फोटो हे तर आणखीच अवघड प्रकरण आहे, त्यासाठी सुनांना आणि नातवंडांना कामाला लावा.

आणि त्या पाच जणींकडे एकदा नीट पाहा. मागच्या ओळीत डावीकडून दुसरी, उंच, दंडावर वाकी असलेली. तिच्या शेजारची, जिने हसू दाबले आहे असे वाटते. मध्ये चष्म्याची एक, त्या काळी चष्मा म्हणजे बहुधा शिक्षिका किंवा नर्स असावी. उजव्या टोकाला नऊवारीतली वयस्क बाई, कपाळ मोकळे. आणि तिच्या अलीकडे कडेवर मूल घेतलेली. मूल ऐनवेळी हलल्याने त्याचा चेहरा पुसट आला आहे, पण आईचा स्पष्ट आहे. ते मूल आज साठीच्या घरात असेल आणि कदाचित याच गावात असेल. कुणाला ओळख पटली तर चिटणीसबाईंना कळवावे. मंडळाची खोली सोमवार ते शुक्रवार दुपारी तीन ते पाच उघडी असते.